अमृतरावांना गाडी ओळखत नाही

एका जंगलात एक अस्वल राहत होतं, आणि त्या अस्वलाची सगळीकडे ओळख होती.

मुलांनो, ओळख म्हणजे काय हे तुम्हांला शाळेत शिकवत नाहीत. पण त्या शाळेत तुम्हांला प्रवेश कसा मिळाला, हे घरी गेल्यावर आईबाबांना विचारा. ते एकमेकांकडे बघून गप्प बसले, तर समजा, तीच ओळख.

अस्वलाचं नाव अमृतराव. जंगलात त्यांना कुणी अरेतुरे करत नसे, तेव्हा आपणही अहोजाहोच करू. उगाच कशाला!

अमृतराव मध काढायला गेले की माश्या आधी विचारत, "कुणाकडून आलात?" अमृतराव कुणाचं तरी नाव सांगत. माश्या बाजूला होत. पाणवठ्यावर हरणं, ससे, रानडुकरं रांगेत ताटकळत. अमृतराव मागच्या दारानं जाऊन पाणी पिऊन येत. पाणवठ्याला मागचं दार नसतं, हे मलाही माहीत आहे. ते करून घेतलं होतं.

एकदा अमृतरावांनी गाडी घ्यायची ठरवली. गाडी मोठी, काळी, चकचकीत. पण जंगलाचे राजे वाघमहाराज, त्यांचा एक नियम होता. ज्याच्या नावावर गुहा आहे, त्याच्या नावावर गाडी असता कामा नये. महाराजांच्या नावावर अख्खं जंगल होतं आणि गाड्याही होत्या, पण नियम त्यांनीच केलेला असल्यामुळे त्यांना तो लागू नव्हता.

"मग आता हो?" अमृतरावांच्या मंडळींनी विचारलं.

"सोपान आहे ना," अमृतराव म्हणाले.

सोपान म्हणजे सोपान साळिंदर. अमृतरावांचा लहानपणचा मित्र. दोघं एकाच दरीत वाढले. दोघांनी मिळून मोहाची फुलं खाल्ली, दोघं मिळून झिंगले आणि दोघांनी मिळून आयांचा मार खाल्ला. सोपान चिंचेखालच्या बिळात राहायचा. बीळ म्हणजे काही गुहा नव्हे. तेव्हा सोपान नियमात बसत होता.

"सोपान, गाडी तुझ्या नावावर घेतोय," अमृतरावांनी त्याला सांगितलं.

"माझ्या?" सोपानचे डोळे भरून आले. "अमृत, एवढं कुणी करत नाही रे मित्रासाठी."

"नावापुरती," अमृतराव म्हणाले.

"नावापुरती तर नावापुरती," सोपान म्हणाला. त्याच्या नावापुरतंसुद्धा आजवर कुणी काही केलं नव्हतं.

गाडीचं दुकान माकडं चालवत. तिथं एक पद्धत होती. गाडी ताब्यात देताना मालकाच्या हातात पुठ्ठ्याची एक भलीमोठी चावी द्यायची, तिला लाल फीत बांधायची आणि फोटो काढायचा. खऱ्या चाव्या दोन होत्या, चिंचोक्याएवढ्या. त्या अमृतरावांनी घेतल्या. पुठ्ठ्याची मोठी चावी सोपानच्या हातात दिली. सोपान तिच्यामागे जवळजवळ दिसेनासा झाला होता. "ही परत द्यायची असते का?" त्यानं माकडांना विचारलं. माकडांनी असा प्रश्न कधी ऐकला नव्हता. न्या म्हणाली.

फोटो चांगला आला होता. पुढे अमृतरावांनी तो गुहेत लावला तेव्हा सोपानच्या बाजूनं कापून घेतला. काटे मध्ये येत होते.

गाडी मोठी नामी निघाली. तिला चावी लावावी लागत नसे. चावी खिशात, नाहीतर गळ्यात असली तरी चाले. अमृतराव जवळ गेले की गाडीचे दिवे लुकलुकत, आरसे उघडत आणि दार खुलं होई.

"बघितलंत?" अमृतराव मंडळींना म्हणाले. "एवढी मोठी गाडी, पण लगेच ओळखते मला."

मंडळींनी मान डोलावली. त्यांनाही ते पटलं.

गाडी आल्यापासून अमृतरावांची ऊठबस महाराजांकडे होऊ लागली. तिथं नागोजी तरसाचीही ऊठबस होती. अमृतराव आणि नागोजी एकमेकांच्या वाईटावर होते. नागोजी कुठं राहतो, केव्हा उठतो, कुणाकडे जातो, कुठल्या वाटेनं परततो, हे अमृतरावांना तोंडपाठ होतं. नागोजीलाही अमृतरावांचं सगळं तोंडपाठ. खऱ्या शत्रुत्वात एवढी आस्था असतेच.

एकदा महाराजांकडे जेवण होतं. पाहुण्यांच्या गर्दीतून वाट काढत सोपान साळिंदर पुढे आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बाहेर काळी गाडी उभी दिसली, म्हणून तो आत आला होता.

"अमृत!" तो म्हणाला. "ओळखलंस का?"

महाराजांनी मान वळवली. "हा कोण?" त्यांनी अमृतरावांना विचारलं.

अमृतरावांनी सोपानकडे बघितलं. त्याच्या काट्यांना पाचोळा लागला होता. नागोजी तरस हसण्याच्या तयारीत होता.

"असेल कुणीतरी," अमृतराव म्हणाले. "चेहरा पाहिल्यासारखा वाटतो."

 सोपान पाचोळा झटकत निघून गेला. अमृतरावांना जेवण गोड लागलं नाही, हे खरं आहे. पण ते जेवले.

मुलांनो, आता चाव्या कशा हरवल्या ते ऐका.

खऱ्या चाव्या दोन होत्या, हे तुम्हांला आठवत असेल. एक हरवली तर दुसरी असावी म्हणून त्या दोन देतात. अमृतरावांनी दुसरी चावी हरवू नये म्हणून ती पहिलीला बांधली. दोन्ही एकाच काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातल्या. तुमच्याही घरी अशाच बांधल्या असतील. जाऊन बघा.

मग अमृतराव एका नव्या पोळ्यावर गेले. पोळं नवं, माश्याही नव्या. "कुणाकडून आलात?" माश्यांनी विचारलं. अमृतरावांनी नाव सांगितलं. माश्यांनी ते नाव ऐकलेलं नव्हतं. अमृतरावांनी दुसरं नाव सांगितलं. तेही नाही. तिसरं नाव सांगायला माश्यांनी वेळच दिला नाही.

अमृतराव जे पळत सुटले ते थेट डोहात. नाक तेवढं वर ठेवून बसले. माश्या गेल्यावर बाहेर आले, तेव्हा गळ्यात दोरा नव्हता. डोहात मगर होती. ती डोळे मिटून पडली होती आणि तिला काही विचारावंसं अमृतरावांना वाटलं नाही.

हे झालं ते आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या पाणवठ्याचं उद्घाटन होतं. पाणवठा जुनाच होता, फीत नवी होती. वाघमहाराज अमृतरावांच्या गाडीतून तिकडे जाणार होते. जो महाराजांना वेळेवर नेईल तोच कारभारी होणार, असं जंगलात बोललं जात होतं. आधीच्या कारभाऱ्यानं महाराजांना ताटकळत ठेवलं होतं. ताटकळलं की महाराजांना भूक लागे. कारभाऱ्याची जागा रिकामी झाली ती अशी.

"अहो, महाराजांना निरोप तरी पाठवा, गाडी बंद आहे म्हणून," मंडळी म्हणाल्या.

"गाडी बंद नाहीये," अमृतराव म्हणाले. "ती मला ओळखते. चावी म्हणजे आपली एक औपचारिकता असते."

सकाळी महाराज आले. सोबत नागोजी तरस होताच. अमृतराव रुबाबात गाडीजवळ गेले.

दिवे लुकलुकले नाहीत. आरसे उघडले नाहीत. अमृतरावांनी दार ओढलं. दार ढिम्म.

ते मागे जाऊन पुन्हा पुढे आले. चालताना जरा पोट पुढे काढलं, कारण गाडीनं त्यांना नेहमी तसंच बघितलं होतं. काही नाही.

"अगं, मी!" ते काचेशी वाकून हळूच म्हणाले. "अमृतराव!"

गाडी गप्प.

"काय झालं?" महाराजांनी विचारलं.

"काही नाही महाराज. गाडी जरा झोपेत आहे. बसा ना सावलीत."

महाराज जांभळीखाली बसले आणि त्यांनी जांभई दिली. दात सगळे जागेवर होते. 

"माझी गाडी आहे की महाराज," नागोजी म्हणाला. "जुनी आहे, पण चावी फिरवली की चालू होते."

"तुझ्या गाडीला वास येतो," महाराज म्हणाले. "थोडा वेळ थांबतो मी. थोडाच."

मंडळींनी तोवर खेमा खवल्याला बोलावणं धाडलं होतं. खेमा हे खवले मांजर. नावात मांजर असलं तरी मांजराशी त्याचं नातं नाही. अंगभर खवले, तो चालला की चाव्यांचा जुडगा वाजल्यासारखा आवाज येई. तो फिरता चावीवाला होता. डबा लावलेल्या एका टेम्पोत त्याचं सगळं दुकान मावायचं. गाडी जिथं अडेल तिथं तो येई, आणि अडलेल्याला चार गोष्टी ऐकवल्याशिवाय कामाला हात लावत नसे.

"दोन्ही एकाच दोऱ्यात ना?" टेम्पोतून उतरताच तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?" अमृतरावांनी विचारलं.

"सगळे तेच करतात हो. त्यावरच तर माझं घर चाललंय." खेमानं गाडीभोवती एक फेरी मारली. "हरवल्या कुठं?"

"डोहात. मगरीच्या."

"म्हणजे सध्या तुमची गाडी मगरीला ओळखते."

अमृतराव चपापले. "मगरीला? अरे, ती मला ओळखते! रोज दिवे लावायची मला बघून!"

"तुम्हांला नाही, साहेब. गळ्यातल्या दोऱ्याला. तोच दोरा माकडाच्या गळ्यात घातला असता तरी तिनं दिवे लावले असते."

अमृतरावांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आजवर ज्यांनी ज्यांनी त्यांना बघून दिवे लावले होते, ते सगळे त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. पण हा विचार करायची ती वेळ नव्हती. महाराजांनी दुसरी जांभई दिली होती.

"मग लवकर कर काय ते," ते म्हणाले.

"तसं सोपं आहे. आधी दार उघडायचं. मग नवी चावी कापायची. मग आत यंत्र लावून चावीची न् गाडीची ओळख करून द्यायची. ओळख झाली की झालं."

अमृतरावांचा चेहरा उजळला. "ओळख लागते होय! आधी नाही का सांगायचं! कुणाची ओळख लागते? महाराजांपर्यंत आहे माझी."

"चावीची लागते," खेमा म्हणाला. "तुमची घेऊन काय करू? बरं, गाडी कुणाच्या नावावर आहे?"

अमृतरावांनी महाराजांकडे एकदा बघून घेतलं.

"ज्याच्या नावावर आहे त्यानं इथं येऊन हो म्हणायला पाहिजे. त्याच्या होकाराशिवाय मी कुलपाला हात लावत नाही. मागं एका लांडग्याला गाडी उघडून दिली. म्हणाला, माझीच आहे, घाई आहे. ती निघाली शेळ्यांची. शेळ्या आतच होत्या."

अमृतराव त्याच्या अगदी जवळ गेले. ठेवणीतला आवाज काढून म्हणाले, "मला ओळखलं नाहीस वाटतं?"

"ओळखलं की," खेमा म्हणाला. "म्हणून तर विचारतोय."

अमृतराव निघाले सोपानला आणायला. पायी. गाडी आल्यापासून ते पायी कुठं गेले नव्हते. वाटेत नागोजी तरसाचं बीळ लागलं, ते त्यांनी डोळे मिटून ओळखलं असतं. पण दरीत उतरल्यावर मात्र त्यांना चिंच सापडेना. ज्या चिंचेखाली त्यांचं बालपण गेलं, ती डावीकडे की उजवीकडे, हेच आठवेना. ते करवंदीच्या जाळीत घुसले, ओरबाडून घेतलं, चुकीच्या बिळात तोंड घातलं आणि घुशीच्या शिव्या खाल्ल्या.  उन्हं चढत होती आणि तिकडे जांभळीखाली महाराजांना भूक लागत होती.

शेवटी एका झाडाखाली त्यांना काळापांढरा काटा पडलेला दिसला. चिंचच होती. तिला पालवी फुटली होती आणि ती ओळखू येत नव्हती. बिळाच्या तोंडाशी अमृतराव गुडघे टेकून वाकले.

 आतून आवाज आला, "कोण आहे?"

"मी." मग ते आणखी हळू म्हणाले, "अमृत."

 अमृतरावांना महाराजांकडचं ते जेवण आठवलं. आता हा म्हणेल, असेल कुणीतरी. म्हणू दे. आपण असतो तर म्हटलंच असतं.

"चावी हरवली ना?" सोपान आतून म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्याशिवाय तू कशाला येशील!" हे त्यानं रागानं म्हटलं नाही. त्याला ते तसंच वाटत होतं. "थांब, आलोच. जरा तिरपी करून काढावी लागते."

आणि बिळातून आधी लाल फीत बाहेर आली. मग पुठ्ठ्याची भलीमोठी चावी बाहेर आली. मग तिला मागून ढकलत सोपान बाहेर आला. चावी पुसून लख्ख ठेवली होती. एका कोपऱ्याला वाळवीनं चावा घेतला होता, तिथं त्यानं पळसाचं पान चिकटवलं होतं.

"मी तेव्हाच मनात म्हटलं होतं," सोपान आनंदानं म्हणाला, "एक माझ्याकडे आहे ते बरं आहे. अमृतला कधीतरी लागेल. घे."

अमृतरावांना त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. ही चावी खरी नाही, हे त्याला सांगायला त्यांनी तोंड उघडलं. आणि पुन्हा मिटलं. त्यांनी चावीचं एक टोक उचललं. दुसरं सोपाननं उचललं. आणि दोघं जण जंगलातून ती चावी घेऊन चालू लागले. अमृतराव आणि सोपान पुन्हा बरोबर चालताहेत, हे सगळ्या जंगलानं बघितलं. कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांना आपलं चावीचंच कौतुक.

ते पोचले तेव्हा महाराज उठून बसले होते आणि अमृतरावांच्या मंडळींकडे जरा जास्तच आपुलकीनं बघत होते.

"आणला," अमृतराव धापा टाकत म्हणाले. "हाच. याच्याच नावावर आहे."

खेमानं पुठ्ठ्याच्या चावीकडे बघितलं, मग सोपानच्या तोंडाकडे बघितलं. चार गोष्टी ऐकवायची त्याची सवय, पण या वेळी त्यानं एकही ऐकवली नाही. "मोठं काम आहे," तेवढंच म्हणाला. "छोटी करून घ्यावी लागेल. बरं, गाडी तुमची ना?"

"छे!" सोपान म्हणाला. "गाडी अमृतची. मी आपला नावापुरता."

हो बाळांनो. खोटं बोलू नये, हे सोपानला लहानपणी शिकवलं होतं आणि तो ते विसरला नव्हता.

गाडी अमृतरावांची आहे हे अख्ख्या जंगलाला माहीत होतं. महाराजांनाही माहीत होतं. फक्त आजवर तसं कुणी बोललं नव्हतं, आणि न बोललेली गोष्ट नियमात बसते. आता ती बोलली गेली.

"महाराज, ऐकलंत?" नागोजी तरस टुणकन उठला. "गुहा असून गाडी! मग गाडी नक्की कुणाची म्हणायची?"

महाराजांनी एक डोळा बारीक केला. "हं," ते म्हणाले. "कुणाची?"

अमृतरावांनी सगळ्या ओळखी मनात आठवून पाहिल्या. माश्यांच्या, माकडांच्या, मागच्या दाराच्या. यातली एकही इथं कामाची नव्हती. इथं होता फक्त सोपान, आणि त्याच्या हातात पुठ्ठ्याची चावी होती.

"गाडी सोपानची आहे, महाराज," अमृतराव म्हणाले.

"माझी?" सोपान म्हणाला.

"तुझी. हो म्हण."

"पण अमृत..."

"हो म्हण, सोपान. पाया पडतो."

सोपाननं मित्राच्या तोंडाकडे बघितलं. मित्र घाबरलेला होता. "हो," सोपान म्हणाला.

खेमानं लगेच काम सुरू केलं. खवले मांजराची जीभ त्याच्या हातापेक्षा लांब असते. ती त्यानं कुलपात घातली, इकडेतिकडे फिरवली आणि दार उघडलं. गाडीनं जी बोंब ठोकली, तिनं झाडावरचे सगळे पक्षी उडाले. खेमानं स्टिअरिंगखाली एक तार खुपसली. तारेच्या टोकाला चौकोनी यंत्र होतं, त्याच्यावर आकडे नाचू लागले. बोंब थांबली. मग त्यानं टेम्पोत जाऊन चिंचोक्याएवढी चावी कापली आणि ती आणून गाडीच्या बटणाशी धरली.

"आता ऐका," तो म्हणाला. "ओळख एकदा नव्यानं करून दिली, की जी चावी इथं हजर नाही ती गाडी कायमची विसरते. मगरीच्या पोटातली असो, नाहीतर कुणाच्या घरातली. गाडीला मागचं काही आठवत नाही. चालेल?"

"चालेल," अमृतराव हळूच म्हणाले. त्यांना स्वतःलाही मागचं बरंच विसरायचं होतं.

यंत्र टुंग वाजलं. खेमानं चावी सोपानपुढे धरली. अमृतरावांनी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

"ज्याची गाडी त्याच्या हातात," खेमा म्हणाला. "तो माझा नियम."

सोपाननं चावी घेतली. ठेवायला खिसा नव्हता, म्हणून पाठीवरच्या एका काट्यात अडकवली. तो एक पाऊल पुढे गेला. गाडीचे दिवे लुकलुकले. आरसे उघडले.

"अमृत!" सोपान दचकून म्हणाला. "हिनं मला ओळखलं रे!"

अमृतरावांनी पुढे केलेला हात खाली घेतला.

महाराज उठले आणि गाडीत मागे जाऊन बसले. "मालकानं शेजारी बसावं," ते म्हणाले. सोपान शेजारी जाऊन बसला. त्या सीटचं काय झालं, ते मी सांगत नाही. पण महाराज दाराला चिकटून अंग चोरून बसले. त्यांना असं बसलेलं जंगलानं पहिल्यांदाच बघितलं.

"चालवणार कोण?" महाराजांनी विचारलं.

सोपानला गाडी चालवता येत नव्हती. सगळ्यांनी अमृतरावांकडे बघितलं.

"तू कोण?" महाराज अमृतरावांना म्हणाले. ते त्यांना रोज भेटत. पण आता गाडी अमृतरावांची नव्हती, आणि महाराजांनी तरी त्यांना कशावरून ओळखायचं?

"मी..." अमृतराव म्हणाले. आपण कोण हे त्यांना आजवर कधी सांगावं लागलं नव्हतं. "मी गाडी चालवतो, महाराज."

"चालवणारा विश्वासातला लागतो," महाराज म्हणाले. त्यांना आता चांगलीच भूक लागली होती. ते सोपानकडे वळले. "हा कोण आहे? ओळखतोस याला?"

नागोजी तरसानं कान टवकारले. अमृतरावांनी डोळे मिटून घेतले. काय ऐकायचं आहे, ते त्यांना शब्दन् शब्द माहीत होतं. ते वाक्य त्यांचंच होतं.

सोपाननं थोडा विचार केला.

"म्हणजे काय महाराज!" तो म्हणाला. "अमृत आहे हा. माझा मित्र. एका दरीतले आम्ही. लहानपणापासूनची ओळख आहे."

"अस्सं," महाराज म्हणाले. "ओळखीनं लागलाय म्हण की."

सगळे हसले. नागोजी तर हसून हसून लोळला. अमृतराव पुढच्या सीटवर बसले आणि त्यांनी गाडी चालू केली. समोरचं त्यांना नीट दिसत नव्हतं. उन्हामुळे असेल.

पाणवठ्यावर फीत कापली गेली. महाराजांनी तिथल्या तिथं सोपानला कारभारी केलं. ज्याला खाता येत नाही असा कारभारी त्यांना पहिल्यांदाच मिळाला होता, त्यामुळे तो पुष्कळ वर्षं टिकला. सोपाननं पहिलं काम काय केलं, तर पाणवठ्याचं मागचं दार बुजवलं. तेव्हापासून अमृतरावांना रांगेत उभं राहावं लागे.

रोज सकाळी सोपान पाठीवरच्या काट्यातून चावी काढून अमृतरावांना देई आणि संध्याकाळी परत अडकवून घेई. ती कधी हरवली नाही. पुठ्ठ्याची चावी गाडीच्या मागच्या काचेला लावली होती. ती आरशात दिसायची, त्यामुळे अमृतरावांना मागचं दुसरं काही दिसत नसे. सोपान मात्र भेटेल त्याला सांगायचा, "ही माझ्याकडे होती म्हणून. नाहीतर त्या दिवशी अमृतचं काही खरं नव्हतं." आणि अमृतराव गाडीचं दार उघडून धरत, मान हलवत. खोटं काय होतं त्यात!

तात्पर्य: मुलांनो, दोन चाव्या एका दोऱ्यात बांधू नयेत, हे मी सांगून तुम्ही ऐकणार नाही, म्हणून सांगत नाही. पण मोठेपणी दुसऱ्याच्या नावावर गाडी घ्यायची वेळ आली, तर ती मित्राच्या नावावर घेऊ नका. चांगला शत्रू बघा आणि त्याच्या नावावर घ्या. मित्राचं घर आपण विसरतो, शत्रूचं विसरत नाही. शिवाय शत्रू फार तर गाडी घेईल. पुढे जन्मभर आपल्याला मित्र म्हणत तो मागच्या सीटवर बसणार नाही.